धुऱ्यापर्यंतचा रस्ता

सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्णेच्या उत्तरेला असलेले जळगाव जामोद नगररचनेच्या पुस्तकांत भेटत नाही. तिथे मुंबईचा विकास आराखडा असतो, पुण्याच्या टेकड्या असतात, फार तर नागपूरचा सुधार प्रन्यास असतो. तालुक्याच्या गावाची वाढ ही आपसूक घडणारी गोष्ट मानली जाते: माणसे वाढली, घरे वाढली, गाव पसरले. पुरावा मात्र याच्या उलट आहे. वऱ्हाडातले कोणतेही तालुक्याचे गाव वाटेल तसे पसरलेले नाही. एका काटेकोर नकाशाच्या रेषा धरूनच ते पसरले आहे. अडचण एवढीच, की तो नकाशा शहरासाठी काढलेला नव्हता. तो शेतसाऱ्यासाठी काढला होता, साखळी टाकून मोजला होता आणि पटवाऱ्याच्या दप्तरात दीडशे वर्षे जपला गेला. मध्येच संपणारा रस्ता, बुजलेला नाला, कागदावर नसलेला पण विकला गेलेला प्लॉट, पोरांना खेळायला न उरलेली जागा, या सगळ्यांना आपण नियोजनाच्या अभावाचे परिणाम म्हणतो. माझ्या मते ते एका जुन्या आणि आपल्या कामात पुरेपूर यशस्वी ठरलेल्या नियोजनाचे परिणाम आहेत. ते नियोजन पीक आणि सारा यांचे होते. घरांसाठी दुसरे करायला हवे होते. ते उशिरा आले, आणि आले तेव्हाही जुन्याच रेषांवर उभे राहिले.

गाव जुने आहे यात शंका नाही. अकबराने वऱ्हाड जिंकल्यानंतर सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ए-अकबरी’त सुभ्याची जी यादी झाली, तीत नरनाळा सरकारातला महाल म्हणून जळगाव येते. खानदेशातल्या जळगावपासून वेगळे ओळखू यावे म्हणून शेजारच्या जामोदचे नाव त्याला जोडले गेले. परगण्याच्या अशा कसब्यात जमिनीची वाटणी दोन भागांत असे, आणि सगळ्या मराठी मुलखात असे तशीच इथेही होती: वस्तीची पांढरी आणि पिकाची काळी. या वाटणीमागे मातीचे व्यवहारी ज्ञान होते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर बांधलेली भिंत काही वर्षांत तडकते. पिढ्यान् पिढ्या वस्ती, राख आणि मातीच्या भिंती यांनी साचलेली पांढरीची माती मात्र चुनखडीयुक्त आणि स्थिर. तीच धाब्याच्या घरांवर घातली जाई, तीच गढीच्या बुरुजांत भरली जाई. म्हणजे कोणत्या जमिनीचा कोणता वापर हे इंग्रजांच्या आधी कितीतरी वर्षे ठरलेले होते आणि त्याला कारण होते. पण ही व्यवस्था गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पांढरीत घर असणे हा हक्क होता आणि तो सगळ्यांना सारखा नव्हता. महारवाडा, मांगवाडा वेशीबाहेर. तिथली जमीन सखल, पाणवठा वेगळा, वाट वेगळी. गावाच्या कामांची निम्मी जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांचीच घरे गावाच्या आखणीबाहेर पडत. आज ज्या वस्त्यांना आपण ‘अतिक्रमण’ म्हणतो, त्यांतल्या कित्येकांची मुळे या वेशीबाहेरच्या जागांत आहेत. जुन्या पांढरीकडे परत चला, असे म्हणणाऱ्याने आधी याचे उत्तर द्यावे.

१८५३ च्या करारानुसार निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, आणि १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे रयतवारी मोजणी सुरू झाली. जळगाव जामोदच्या आजच्या रूपाला जबाबदार अशी एकच घटना निवडायची झाली तर मी ही मोजणी निवडेन. शेजारच्या मध्य प्रांतात मालगुजार हा गावाचा मालक ठरला. वऱ्हाडात सरकारने थेट शेतकऱ्याशी व्यवहार ठेवला आणि त्यासाठी प्रत्येक शेताला नंबर, हद्द, क्षेत्र आणि आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम, दिला. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट; असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. शेताची मोजदाद करणाऱ्याच्या सोयीसाठी ठरलेले हे माप पुढे घराचे माप होणार आहे, हे तेव्हाच्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या स्वप्नातही नसेल. आज तालुक्याच्या गावात ‘गुंठाभर जागा’ हेच कुटुंबाच्या घराचे माप आहे, आणि राज्याने अनधिकृत प्लॉटसाठी केलेल्या कायद्याच्या नावातही तोच गुंठा बसला आहे. माणसाला राहायला किती जागा लागते, या प्रश्नाचे उत्तर मोजणीच्या साखळीने दिले.

या मोजणीने जे टिपले त्यापेक्षा जे टिपले नाही ते अधिक महत्त्वाचे ठरले. सारा शेतावर होता, म्हणून शेताचा धुरा न् धुरा, म्हणजे हद्दीचा प्रत्येक बांध, कागदावर आला. गावठाणावर सारा नव्हता, म्हणून गावठाण नकाशावर एक कोरा ठिपका राहिले. आत कोणाचे घर किती, गल्ली कुठून कुठे, ओटा कोणाचा, याची नोंद करण्यात महसूल खात्याला काही मिळत नव्हते. मोठ्या गावांत पुढे नगर भूमापन झाले, मिळकत पत्रिका आल्या. पण राज्यातल्या बहुतेक खेड्यांची गावठाणे २०१९-२० नंतर, ड्रोन उडवून, पहिल्यांदा नीट मोजली जाऊ लागली. शेत आणि घर यांच्या नकाशांमध्ये दीडशे वर्षांचे अंतर आहे. याखेरीज वस्तीतल्या ज्या जागेवर कोणाचा हक्क शाबीत झाला नाही ती सरकारची ठरून नझूल झाली, आणि गावाबाहेरची चराऊ, पडीक जमीन ‘ई-क्लास’ म्हणून नोंदली गेली. नझूल आणि ई-क्लास हे शब्द पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावे लागतात. वऱ्हाडात मात्र ग्रामपंचायतीचे एकही भांडण त्यांच्यावाचून पुरे होत नाही. सार्वजनिक जागा म्हणून जे काही आहे ते या दोन खात्यांत आहे. शाळा, दवाखाना, स्मशानभूमी, पाण्याची टाकी, घरकुले, सगळ्यांना तिथेच जागा शोधावी लागते, कारण सार्वजनिक वापरासाठी दुसरी जमीन बाजूला काढण्याची तरतूद त्या मोजणीत नव्हती.

मग कापूस आला, म्हणजे होता तोच पण सोन्याच्या भावाने. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा पुरवठा तोडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. भुसावळहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. जलंबहून खामगावचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव यांचा पुढचा इतिहास या मार्गाने ठरवला: स्टेशन, त्यासमोर गंज, त्यामागे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडत्यांच्या पेढ्या. जळगाव जामोद पूर्णेच्या अलीकडे राहिले. कापूस पिकायचा इथे आणि गाडीवर चढायचा नदीपलीकडे नांदुऱ्याला. स्टेशन नसल्यामुळे इथे असा कोणताही नवा केंद्रबिंदू उभा राहिला नाही ज्याच्याभोवती सरकारला सरळ रस्ते आखावेसे वाटावे. गावाला जे मिळाले ते कचेरीचे गाव म्हणून मिळाले. जळगाव तालुका आधी अकोला जिल्ह्यात होता; १९०५ मध्ये वऱ्हाडचे जिल्हे नव्याने आखले गेले तेव्हा तो खामगाव तालुक्यासह बुलडाण्यात आला. तहसील, ठाणे, शाळा, बाजार अशी तालुक्याची बांधकामे लागतील तशी, सरकारी जागा असेल तिथे होत गेली. वऱ्हाडात बाजाराचे नियमन मात्र फार लवकर आले. १८९७ चा कापूस आणि धान्य बाजारांचा वऱ्हाडी कायदा हा देशातल्या अशा सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक, आणि कारंजा इथे तर त्याहीआधी, १८८६ मध्ये, नियंत्रित बाजार सुरू झाला होता. वजन, दलाली, लिलाव यांच्यावर सरकारचे बारीक लक्ष होते. ज्या राजवटीने कापसाच्या गाठीसाठी एवढा कायदा केला, तिला कापूस पिकवणाऱ्याच्या गल्लीसाठी कायदा सुचला नाही, यात तिची दुष्टता शोधण्याची गरज नाही. तिचा हिशेब सरळ होता आणि तो गाठीचा होता.

इथे मुंबई इलाख्याशी तुलना उपयोगी पडते. मुंबईत १९१५ मध्ये नगररचना कायदा झाला. भारतातला तो पहिला. त्यातली ‘नगररचना योजना’ ही कल्पना शेताच्या हद्दीवरच घाव घालणारी होती. अनेक मालकांची वेडीवाकडी शेते एकत्र धरायची, रस्ते, मैदाने, शाळा यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन प्रत्येकाला नव्या, नीट आकाराच्या भूखंडात परत द्यायची. मालकाची जमीन थोडी कमी होते, किंमत वाढते, आणि कोणा एकाच्या शेतावर सगळ्या गावाचा रस्ता लादला जात नाही. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता; तो १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला होता. नागपूरसाठी १९३६ मध्ये सुधार प्रन्यासाचा कायदा झाला, पण तो नागपूरपुरता. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६६ मध्ये प्रादेशिक आणि नगररचना कायदा होऊन सगळ्या राज्याला एक चौकट मिळाली. म्हणजे मुंबई इलाख्यातल्या शहरांना जी पन्नास वर्षे मिळाली ती जळगाव जामोदला मिळाली नाहीत. त्या काळात इथली जमीन मुख्यतः महसूल कायद्यालाच ओळखत होती: वऱ्हाडचा १८९६ चा आणि नंतर १९२८ चा. पुढे १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ आणि ४४ मध्ये जी ‘अकृषिक’ परवानगी आली, जिला सगळा महाराष्ट्र ‘एन.ए.’ म्हणून ओळखतो, ती याच परंपरेतली. तिचा मूळ प्रश्न असा, की या जमिनीवर आता शेती होणार नसेल तर आकार किती वाढवायचा? घर इथे असावे का, हा प्रश्न तिच्यात नंतर घुसवला गेला.

आता धुऱ्याकडे येऊ. गावाला लागून असलेला एक गट, म्हणजे स्वतंत्र नंबराची जमीन, एका मालकाचा. तो एन.ए. करतो, लेआउट पाडतो, मधून रस्ता काढतो. रस्ता त्याच्या धुऱ्यापर्यंत जातो आणि थांबतो, कारण पलीकडची जमीन दुसऱ्याची आणि तिथे अजून तूर उभी आहे. दहा वर्षांनी पलीकडचाही लेआउट पाडतो. त्याचा रस्ता त्याच्या सोयीच्या जागी, चार-पाच मीटर इकडे किंवा तिकडे. दोन रस्ते समोरासमोर येतात पण भेटत नाहीत. असे पाच-सात गट झाले की गावाचा एक नवा भाग तयार होतो, ज्यात शिरायला वाट एकच आणि अग्निशामक बंब वळवायला जागा नाही. पावसाचे पाणी मात्र धुरा मानत नाही. शेताच्या नोंदीत नाला, वाट, खडकाळ पट्टी ही ‘पोटखराब’: पिकाला निरुपयोगी, म्हणून आकारातून वगळलेली. नियमांत तिचे दोन वर्ग आहेत. त्यांतला ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाटा, पाण्याचे प्रवाह, दफनभूमी अशांसाठी राखलेला. म्हणजे शेतसाऱ्याच्या दप्तराला पाणी दिसत होते, पण फक्त कर न देणारी जमीन म्हणून. ते पाणी कुठून येते, कुठे जाते, किती रुंदीची वाट त्याला लागते, ही माहिती कोणत्याही गटाच्या सातबाऱ्यात मावणारी नव्हती. लेआउट होताना पोटखराबाची पट्टी एका गटात गटार होते, दुसऱ्यात कुंपणाच्या आत जाते, तिसऱ्यात भराव टाकून बुजते. सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यात हे परवडणारे नाही. डोंगरावरून येणारे नाले इथे उतारावर वेग घेतात आणि सपाटीवर एकदम पसरतात. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत जो पाऊस कोसळला, त्याने नदीनाल्यांकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, शेते खरडून गेली, गावांचा संपर्क तुटला. एवढ्या पावसापुढे कोणतीही आखणी तोकडी पडली असती हे मान्य. तरी पाण्याने जुनी वाट शोधली आणि ती वाट कागदावर पोटखराब होती, हेही खरेच. आणखी एक गंमत अशी, की ज्या तालुक्यात पावसाळ्यात पाणी आवरत नाही त्याचाच दक्षिण भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या विहिरींचे पाणी पिण्याजोगे नाही, आणि गोड पाणी वान धरणावरच्या नळयोजनेतून खेड्यापाड्यांत न्यावे लागते. कुठली जमीन वस्तीला योग्य याचा विचार पाण्यापासून सुरू व्हायला हवा होता. तो साऱ्यापासून सुरू झाला.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे: नगरपालिका हद्दीत विकास आराखडा असतो, त्यात रस्त्यांच्या रेषा असतात, शाळा-बागांची आरक्षणे असतात, मग महसूल खात्याला दोष कशाला? आराखडा असतो, आणि तो महत्त्वाचाही आहे. पण तो अमलात येतो कसा ते पाहावे. आरक्षण टाकले म्हणजे जमीन मिळत नाही; ती विकत घ्यावी लागते. दहा वर्षांत घेतली नाही तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही तर आरक्षण रद्द होते. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा झाली, आता चोवीस आहे. मुदत वाढल्याने तिजोरी वाढत नाही. चाळीस हजारांपेक्षा कमी वस्तीची ‘क’ वर्ग नगरपालिका पगार, पाणी आणि दिवे यांतून बाजारभावाने जमीन कुठून घेणार? त्यामुळे आराखड्यातले मैदान वीस वर्षे हिरव्या रंगात राहते आणि मग निवासी होते. जे प्रत्यक्षात मिळते ते लेआउटमधून मिळते: सध्याच्या एकीकृत नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ०.४ हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर, पुन्हा तेच चाळीस गुंठे. एकराच्या आत राहिले की मोकळी जागा सोडायला नको, मग जमीन आधी तुकड्यांत विकण्याचा मोह कोणाला होणार नाही? आणि जिथे सोडली जाते तिथे ती प्रत्येक गटाची वेगळी, कोपऱ्यातली, बहुधा सभामंडप व्हायची वाट पाहणारी. पाच गटांच्या मोकळ्या जागा एकत्र आल्या असत्या तर एक मैदान झाले असते. धुऱ्याने ते होऊ दिले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो प्लॉटवाल्याच्या बाजूने येतो. कोरडवाहू कपाशीत दोन वर्षे बोंडअळी आणि एक वर्ष अवकाळी पाहिलेल्या शेतकऱ्याने गावालगतचा तुकडा विकला तर त्याला शहराचे रूप बिघडवल्याचा दोष द्यायचा का? आणि तो तुकडा घेणारा कोण? शाळेतला शिपाई, जिनिंगमधला मजूर, खेड्यातून मुलांच्या शिक्षणासाठी आलेले कुटुंब. मंजूर लेआउटमधला प्लॉट त्याच्या आवाक्याबाहेर, म्हणून तो स्टॅम्पपेपरवरचा गुंठा घेतो. त्याला बेकायदा ठरवणारा कायदा मुळात वेगळ्याच कारणासाठी झालेला आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेती किफायतशीर राहावी म्हणून होता: शेताचे एवढे बारीक तुकडे होऊ नयेत की त्यात नांगर फिरणार नाही. तो गावाच्या कडेला घराच्या प्लॉटला लावला गेला आणि त्याने घरे थांबली नाहीत. फक्त खरेदीखत थांबले. म्हणून २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आला आणि १ जानेवारी २००१ पूर्वीच्या प्लॉटना वाट मिळाली. २०२१ मध्ये ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे गेली. २०१७ मध्ये तुकडेबंदी मोडलेले व्यवहार बाजारभावाच्या पंचवीस टक्के भरून नियमित करण्याची सोय झाली, पुढे ही रक्कम कमी करण्यात आली, आणि २०२५ मध्ये गुंठ्याचे व्यवहार मोकळे करण्याची घोषणा विधिमंडळात झाली. गरिबाचे घर कायदेशीर व्हावे, याला माझा विरोध नाही. उलट दंड घेऊन द्यायचा हक्क आधीच स्वस्तात का दिला नाही, हा प्रश्न आहे. पण नियमितीकरणाने फक्त मालकी नीट होते. रस्ता तेवढाच अरुंद राहतो, नाला तसाच बुजलेला राहतो. पुन्हा एकदा दप्तर दुरुस्त होते आणि जमीन होती तशीच राहते. दर दहा-वीस वर्षांनी मुदत पुढे ढकलणारा कायदा हा नियोजनाचा पर्याय आहे असे समजणे महागात पडते, आणि ते त्याच कुटुंबाला पडते ज्याच्या नावाने तो केला जातो. ई-क्लास जमिनींवरच्या घरांचेही असेच. २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनी वाचवण्याचा आदेश दिला आणि राज्याने त्याच वर्षी गायरान वाटपावर बंधन आणले. मग २०१८ मध्ये सरकारी जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची घरे घरकुलासाठी नियमित करण्याचे धोरण आले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखे. दोघांनाही एक गोष्ट लागणार होती: वाढत्या गावासाठी आधीच काढून ठेवलेली, गावठाणविस्ताराची जमीन. तीच कुठे नव्हती.

तिसरा आक्षेप असा, की सरकारने जिथे पूर्ण नकाशा काढला तिथे काय दिवे लागले? याचे उत्तर याच भागात पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पात सापडते. नांदुरा, जळगाव जामोद, शेगाव या पट्ट्यातली गावे बुडिताखाली जाणार म्हणून नवी गावठाणे आखली गेली. सरळ रस्ते, चौक, शाळा, समाजमंदिर, बाजार, दफनभूमी, नियमाप्रमाणे अठरा नागरी सुविधा. कागदावर हे जळगाव जामोदपेक्षा कितीतरी नेटके. पण ही नवी पांढरी काळीवर टाकलेली आहे. शेत विकत घेतले, मोजले, प्लॉट पाडले. त्या मातीवर बांधताना पाया खोल न्यावा लागतो, मुरूम भरावा लागतो, आणि मोबदल्याच्या पैशातून घर उभे करणाऱ्याला हा जादा खर्च कोणी वेगळा देत नाही. गोठा, खळे, कडबा ठेवायची जागा, धाब्यावर वाळवण, यांचा हिशेब प्लॉटच्या मापात नसतो. तेव्हा आक्षेपात तथ्य आहे: वरून काढलेला पूर्ण नकाशाही चुकतो. मात्र तो चुकतो तो नकाशा होता म्हणून नाही. मातीचा प्रकार, पाण्याचा उतार आणि कुटुंबाचा व्यवसाय यांतले काहीच त्याच्या रकान्यांत नव्हते, गट नंबर आणि क्षेत्र तेवढे होते. म्हणजे तो पुन्हा मोजणीखात्याचाच नकाशा होता. या तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, धान्याच्या दाण्यांवरून पीक, पाऊस, राजा यांचे भाकीत सांगितले जाते. त्या मांडणीत किती तथ्य हा वेगळा विषय. पण निदान ती मांडणी पाऊस विचारात घेते.

मग धुरा ओलांडायचा कसा? १९१५ च्या कायद्यातली नगररचना योजना १९६६ च्या कायद्यातही आहे, आणि गुजरातने तिच्यावर शहरेच्या शहरे वाढवली. महाराष्ट्रात ती मोठ्या शहरांच्या भोवती अलीकडे पुन्हा वापरात येऊ लागली. ‘क’ वर्ग गावांसाठी ती फार किचकट, फार लांबणारी, असे म्हटले जाते. मोठ्या शहरात ती लांबते हे खरे, कारण तिथे प्रत्येक गुंठ्यावर वाद आहे. जळगाव जामोदच्या कडेला अजून मालक मोजके आहेत आणि अनेक गटांवर पीकच आहे. जमिनीचा भाव वाढण्याआधी योजना करणे स्वस्त पडते, आणि रोकड नसलेल्या नगरपालिकेला रस्ता आणि मैदान मिळवण्याचा हाच एक मार्ग आहे ज्यात जमीन विकत घ्यावी लागत नाही. संपूर्ण योजना झेपत नसेल तर निदान एवढे व्हावे: नाल्यांची रुंदी आणि मुख्य रस्त्यांचे जोड गटांच्या हद्दी न पाहता एकदा आखून घ्यावेत, आणि पुढचा प्रत्येक लेआउट त्या रेषांना धरूनच मंजूर व्हावा. जुन्या पांदण रस्त्यांचे जाळे यासाठी आयते आहे; ते गटांच्या मधून जाते, कोणा एकाचे नाही, आणि महसूल नकाशावर आधीपासून आहे. मोजणीने शहराला दिलेली ही एकच उपयोगी गोष्ट, तीही आपण शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला खाऊ देतो.

घाई करण्याचे एक कारण उत्तरेकडून येत आहे. अकोला-खंडवा रेल्वेमार्गाचे रुंदीकरण मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून न नेता बाहेरून न्यावे, या मागणीतून जो पर्यायी मार्ग सुचवला गेला तो हिवरखेड, सोनाळा, जामोद या पट्ट्यातून जाणारा आहे. १८६७ ला हुकलेली रेल्वे कधी आलीच तर तिच्या भूसंपादनाची अधिसूचना गट नंबरांच्या यादीनेच सुरू होईल, आणि स्टेशनच्या जागेची कुणकुण लागताच आजूबाजूचे गट गुंठ्यांनी विकले जातील. ती यादी प्लॉटवाल्याच्या हाती पडेपर्यंत स्टेशनपासून गावापर्यंतचा रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे नाले नगररचनेच्या नकाशावर आलेले असायला हवेत. ते काम रेल्वेची वाट न पाहता सुरू करता येते, कारण त्याला लागणारे गावनकाशे तहसीलच्या दप्तरात पडून आहेत.